वेखंड : कोणासाठी उगाळावे, कोणासाठी नको?

पाणथळ जागी वाढणाऱ्या औषधी वनस्पतींची ओळख आपण या सदरात करून घेत आहोत. वाळा झाला, ब्राह्मी झाली. आज वेखंडाची पाळी. वेखंड माहीत नाही असे मराठी घर विरळाच. बाळंतिणीच्या सामानाची यादी काष्ठौषधीवाल्याकडे गेली की हरडा, मुरुडशेंग, जायफळ, अतिविष यांच्या जोडीला वेखंडाचे दोन-चार तुकडे पुडीत आलेच. सहाणेच्या शेजारी वेखंडाचा तुकडा नाही ते बाळंतिणीचे घरच नव्हे, अशी आपल्याकडची समजूत आहे.

म्हणूनच वेखंडाविषयी नीट माहिती असणे जरुरीचे आहे. हे औषध खरोखरच गुणी आहे. पण ज्या वयात आपण ते सर्वांत जास्त वापरतो, त्याच वयात ते सर्वांत जपून वापरायला हवे, किंबहुना पोटात देऊच नये, असे मी आज सांगणार आहे. कारणे वाचून मग आपणच ठरवावे.

ओळख

वेखंडाला संस्कृतात वचा म्हणतात. उग्र वासामुळे उग्रगंधा आणि पेरांच्या गाठींमुळे षड्ग्रंथा ही त्याची आणखी दोन नावे. हिंदीत बच किंवा घोडबच, गुजरातीत घोडावज, कन्नडमध्ये बजे, तमिळमध्ये वसंबु. वनस्पतीशास्त्रातले नाव अकोरस कॅलॅमस.

ओढ्याकाठी, दलदलीत, विहिरीच्या सांडपाण्यापाशी ही वनस्पती चांगली वाढते. पाने तलवारीसारखी लांब, अरुंद आणि टोकदार, साधारण कमरेपर्यंत उंच. पानाची एक कड बहुधा किंचित चुणीदार असते. पान हातात चुरडले की गोडसर उग्र वास येतो, हीच मुख्य खूण. फुलोरा बोटाएवढा, हिरवट पिवळा कणसासारखा असतो आणि तो पानाच्याच बाजूने फुटल्यासारखा दिसतो. पूर्वी वेखंड अळूच्या कुळात धरीत असत. आता शास्त्रज्ञांनी त्याचे स्वतंत्र कूळ मानले आहे. एकदल वनस्पतींच्या सर्व हयात शाखांमध्ये ही सर्वांत आधी वेगळी झालेली शाखा मानली जाते. म्हणजे गवत, केळ, नारळ, कांदा या सगळ्यांची ही फार दूरची, फार जुनी चुलत बहीण.

आपण ज्याला वेखंडाचे मूळ म्हणतो ते खरे तर मूळ नव्हे. आले-हळदीप्रमाणे ते जमिनीत आडवे वाढणारे खोड आहे. बोटाएवढे जाड, पेरापेराचे, बाहेरून तपकिरी आणि आतून पांढरट गुलाबी, काहीसे भुसभुशीत. वरच्या बाजूला पानांच्या वलयाकार खुणा आणि खालच्या बाजूला मुळ्या तुटल्याचे ठिपके दिसतात. घेताना तुकडा मोडून पाहावा. आत काळा पडलेला, किडका किंवा वास उडालेला असेल तर घेऊ नये. बाजारात कोळंजनही वचेच्या नावाने मिळते. कोळंजन तांबूस तपकिरी आणि आल्याच्या जातीचे असते. ते वेगळे औषध आहे.

लागवड खोडाच्या तुकड्यांपासून होते. भातखाचराप्रमाणे चिखलणी करून, पाणी साठवून तुकडे लावतात आणि वर्षभराच्या आत पाने पिवळी पडू लागली की खणून काढतात. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातील कोरटगेरे भागात शेतकरी हे पीक पूर्वापार घेत आले आहेत.

आयुर्वेद काय सांगतो

वचा चवीला तिखट-कडू, वीर्याने उष्ण आणि कफवातनाशक. चरकाचार्यांनी ती लेखनीय म्हणजे मेद खरवडणाऱ्या, अर्शोघ्न म्हणजे मूळव्याधीवरच्या, आणि संज्ञास्थापन म्हणजे शुद्धीवर आणणाऱ्या अशा अनेक गणांत घेतली आहे. ती दीपन-पाचन करते, पोटातला वायू सारते, घशातला चिकट कफ सोडवते. शिवाय ती मेध्य, म्हणजे बुद्धीला हितकर मानली गेली. सारस्वत चूर्णात इतर सर्व औषधांच्या एकत्र वजनाइतकी वचा असते. सारस्वतारिष्टातही ती आहे. उन्माद, अपस्मार, वाणीचे दोष यांवर ग्रंथांत तिचा वारंवार उल्लेख येतो.

मात्र त्याच वचेचा आणखी एक गुण ग्रंथकारांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिला आहे, तो म्हणजे ती वामक आहे. मात्रा वाढली की उलटी करविते. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात वेखंडाच्या चूर्णाची मोठ्या माणसाची मात्रा ६० ते १२० मिलिग्रॅम दिली आहे, म्हणजे साधारण अर्धी ते एक गुंज. उलटी करविण्यासाठी तीच मात्रा १ ते २ ग्रॅम आहे. चहाचा सपाट चमचा भरून चूर्ण घेतले तर ते दोन ग्रॅमच्या आसपास जाते. म्हणजे पोटदुखीवर म्हणून कोणी चमचाभर वेखंड फाकले तर त्याने औषध घेतले नाही, वमन घेतले.

पोटात द्यायची वचा आधी शुद्ध करून घ्यावी असेही सांगितले आहे. गोमूत्रात, मग मुंडीच्या आणि पंचपल्लवाच्या काढ्यात उकळून, शेवटी सुगंधी द्रव्यांच्या पाण्याची वाफ देऊन ती वाळवतात. आपल्या घरच्या सहाणेवर येते ती वचा अशी शुद्ध केलेली नसते. ती सरळ दुकानाच्या पोत्यातून येते.

आजचे शास्त्र काय सांगते

वाळलेल्या वेखंडात शेकडा दोन ते पाच भाग उडनशील तेल असते. वेखंडाचा वास, गुण आणि दोष यांचा मोठा वाटा या तेलात आहे. प्राण्यांच्या आतड्यावर केलेल्या प्रयोगांत वेखंडाच्या अर्काने पेटके सैल पडतात असे दिसले आहे. त्यामुळे पोटातल्या मुरड्यावर वेखंड, हा आजीबाईंचा अनुभव अगदीच निराधार नाही.

परंतु या तेलात बीटा-अ‍ॅसॅरोन नावाचे एक द्रव्य आहे. ते किती असावे हे वेखंडाच्या जातीवर अवलंबून असते. उत्तर अमेरिकेतल्या वेखंडात गुणसूत्रांचे दोन संच असतात आणि त्यात हे द्रव्य जवळजवळ नसते. युरोपातल्या वेखंडात तीन संच आणि द्रव्य थोडे. भारत व पूर्व आशियात चार संचांचे वेखंड आढळते. त्याच्या तेलात हेच द्रव्य बहुतांश असते, शेकडा सत्तरच्याही पुढे. काष्ठौषधीच्या दुकानात तुकडा पाहून तो कोणत्या जातीचा हे कोणालाच सांगता येत नाही.

१९६७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जम्मूकडील वेखंडाचे तेल उंदरांना दीर्घकाळ अन्नातून दिले असता त्यांच्या लहान आतड्यात कर्काच्या गाठी झाल्या. त्यानंतर १९६८ साली अमेरिकेने वेखंड आणि त्याचे तेल खाद्यपदार्थांत घालण्यास बंदी केली. युरोपात चार संचांच्या वेखंडापासून खाद्यपदार्थांचे स्वाद तयार करण्यास मनाई आहे. युरोपच्या औषध नियामक संस्थेच्या वनौषधी समितीने २००५ साली वनौषधींतून पोटात जाणाऱ्या बीटा-अ‍ॅसॅरोनसाठी एक तात्पुरती मर्यादा सुचविली. ती दिवसाला सुमारे ११५ मायक्रोग्रॅम, म्हणजे शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण २ मायक्रोग्रॅम आहे.

आता साधा हिशोब करू. १२० मिलिग्रॅम वेखंडात शेकडा चार भाग तेल धरले तर ते पावणेपाच मिलिग्रॅमच्या वर होते. त्याचा तीनचतुर्थांश भाग बीटा-अ‍ॅसॅरोन धरला तर ते साडेतीन मिलिग्रॅम भरते. ११५ मायक्रोग्रॅमच्या हिशोबाने हे तीसपट झाले. पाच किलो वजनाच्या बाळासाठी हीच मर्यादा १० मायक्रोग्रॅमवर येते. तेवढे द्रव्य एका गुंजेच्या सुमारे पावणेचारशेव्या भागात मावते. सहाणेवर एक वेढा उगाळला की त्याहून किती जास्त उतरत असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

घाबरवण्याचा माझा हेतू नाही. उंदरांना दिलेले तेलाचे प्रमाण पुष्कळ होते, आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. लहानपणी गुटी घेतलेल्या वाचकांनी आज रात्रीची झोप घालवू नये. मर्यादा घालणारे नेहमी मोठी मोकळी जागा सोडूनच घालतात. पण ज्या औषधाविना बाळाचे काही अडत नाही, ते धोक्याची शंका असताना महिनोन् महिने रोज का द्यावे, एवढाच प्रश्न आहे. शुद्ध केल्याने हे द्रव्य कमी होते, पण संपत नाही.

वेखंड जास्त झाल्याची तात्काळ लक्षणेही ध्यानात ठेवावीत. मळमळ आणि तासन् तास न थांबणाऱ्या उलट्या ही त्यांतली मुख्य. स्वीडनमध्ये नशा होईल या समजुतीने वेखंड खाल्लेल्या लोकांचे असे हाल झाल्याची नोंद आहे. मोठी माणसे त्यातून सावरतात. चार महिन्यांच्या बाळाच्या अंगातले पाणी मात्र काही तासांत उतरते.

गुटीविषयी

पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचे दूध द्यावे. वरचे पाणीसुद्धा नको, असे जागतिक आरोग्य संघटनेपासून आपल्या आशाताईंपर्यंत सर्व जण सांगतात, ते या गुटीलाही लागू आहे. सहाण, उगाळण्याचे पाणी, बोट आणि बोंडले यांपैकी एक जरी अस्वच्छ असेल तर जुलाब लागतात. पोट गुटीने भरले की दूध तेवढे कमी ओढले जाते.

वेखंड मधातून चाटवण्याचीही प्रथा आहे. एक वर्षाच्या आतील बाळाला मध अजिबात देऊ नये. मधात काही वेळा एका जंतूची बीजे असतात. बाळाच्या कोवळ्या आतड्यात ती रुजून विष तयार करतात. त्याने बाळ लुळे पडते, दूध ओढेनासे होते आणि श्वासही बंद पडू शकतो. मोठ्यांना त्याच मधाने काही होत नाही, म्हणून हा धोका घरात कोणाच्या लक्षात येत नाही.

काही जण विचारतील, जुन्या ग्रंथांतच बाळाला वचा चाटवायला सांगितली आहे, त्याचे काय? सांगितली आहे खरी. पण काश्यप संहितेत लेह कोणत्या बाळाला द्यावा याबरोबर कोणाला देऊ नये याचीही लांब यादी आहे. बाळ पाहून, प्रकृती पाहून, वैद्याने ठरवायची ती गोष्ट होती. शेजारच्या बाळाला मानवले म्हणून आपल्या बाळाला, असा तो हिशोब कधीच नव्हता.

गुटीत एक चांगली गोष्ट होती, ती मात्र सोडू नये. गुटी देणारी आजी रोज सकाळी बाळाला मांडीवर घेई. शी कशी झाली, पोट मऊ आहे की फुगलेले, रडण्यात जोर आहे की नाही, हे ती नीट पाही आणि त्याप्रमाणे वेढे कमी-जास्त करी. हे पाहणे चालू ठेवावे. वेढे तेवढे बंद करावेत.

बोलायला उशीर आणि वेखंड

वेखंडाच्या वापरातली सर्वांत मोठी हानी माझ्या मते वेखंडातल्या द्रव्यामुळे होत नाही. ती वेखंडावर विसंबून वाया गेलेल्या वेळामुळे होते. मूल बोलत नाही, जीभ जड आहे, म्हणून जिभेवर वेखंड चोळत राहायचे ही आपल्याकडे सर्रास चालणारी गोष्ट आहे.

काही वर्षांपूर्वी एक आजी आपल्या तीन वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या होत्या. मूल अंगाने चांगले, डोळे चपळ, हाताने खुणा करून सगळे मागणारे. शब्द मात्र एकही नाही. आजी म्हणाल्या, "बाई, दीड वर्ष झालं, रोज सकाळी न चुकता वेखंड चोळते जिभेला. ह्याचे आजोबापण उशिराच बोलले. आता तुम्ही ह्याच्यापेक्षा जालीम काही द्या." मी मुलाच्या हातात खेळणे दिले आणि त्याच्या पाठीमागे उभी राहून स्टीलच्या वाटीवर चमचा वाजविला. मुलाने मान वळविली नाही. दुसऱ्यांदा जोरात वाजविला, तेव्हा बाहेर बसलेले लोक वळून पाहू लागले. मूल खेळतच होते.

आजींच्या ते लगेच लक्षात आले. त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे ह्याला ऐकूच येत नाही?" मी त्यांना जिल्हा रुग्णालयात पाठविले. तपासणीत दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येते असे निघाले. पुढे श्रवणयंत्र बसले, बोलण्याचे शिक्षण सुरू झाले, आणि मुलाचे शब्द एकेक करून येऊ लागले. पण ते कष्टाने येत होते. कारण भाषा मेंदूत सहजपणे रुजण्याची पहिली दोन-तीन वर्षे निघून गेली होती. आजींचा जीव त्या मुलात गुंतला होता. दीड वर्ष एकही सकाळ त्यांनी चुकविली नव्हती. एवढी निष्ठा, पण ती जिभेवर खर्च झाली. अडचण कानात होती.

म्हणून पुढील खुणा प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात. मोठ्या आवाजाने तान्हे बाळ दचकते. सहा महिन्यांच्या सुमारास ते आवाजाच्या दिशेने मान वळविते. वर्षाच्या आसपास एखादा अर्थपूर्ण शब्द येतो. दोन वर्षांचे मूल "आई ये", "दूध दे" असे दोन शब्द जोडते. यांपैकी काही होत नसेल तर घरात वेखंड शोधू नये, मुलाचे कान तपासून घ्यावेत. जन्मलेल्या बाळाचीही श्रवणतपासणी करता येते. ती झोपेत होते आणि दुखत नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी होते आणि पुढील उपचारांसाठी चिठ्ठी मिळते. तपासणीच्या दिवशी मूल घरी ठेवू नये. ऐकू येत असूनही मूल बोलत नसेल तर त्याचीही कारणे आणि उपाय आहेत. तेही तज्ज्ञांना विचारावे.

झटके येणाऱ्या रुग्णांच्या बाबतीतही हेच. ग्रंथात अपस्मारावर वचा आहे म्हणून चालू असलेल्या गोळ्या कोणी बंद करू नयेत. गोळी अचानक बंद केल्याने येणारा झटका फार मोठा असू शकतो.

मग वेखंड वापरावे कसे?

वेखंड घरातून हद्दपार करण्याची गरज नाही. त्याचे बाहेरचे उपयोग पुष्कळ आहेत.

सर्दीने डोके जड झाल्यास मोठ्या माणसांनी वेखंड पाण्यात उगाळून कपाळावर पातळ लेप लावावा. आग झाली तर लगेच धुवावा. डोळ्यांपासून दूर ठेवावा.

थंडीत दुखणाऱ्या सांध्यांवर वेखंड आणि सुंठ यांचा कोमट लेप कित्येकांना आराम देतो. जखम किंवा पुरळ असेल तेथे लावू नये.

धान्याच्या कणगीत, कपड्यांच्या पेटीत, पुस्तकांच्या कपाटात वेखंडाचे तुकडे पुरचुंडी बांधून ठेवावेत. किडीला हा वास सोसत नाही. धान्य निवडताना तुकडे मात्र आठवणीने काढावेत. मराठ्यांच्या राजवटीत वाढलेल्या तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जुन्या पोथ्यांच्या रक्षणासाठी वेखंड, लवंग, दालचिनी, मिरी, कापूर वगैरेंची पुरचुंडी ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. बीटा-अ‍ॅसॅरोनमुळे किडींची वीण खुंटते, हेही प्रयोगांत दिसले आहे. जे द्रव्य पोटात नको म्हणतो, तेच कपाटात आपले काम चोख करते.

पोटात घ्यायचे असल्यास वैद्याच्या देखरेखीखाली, शुद्ध केलेले, ठरावीक मात्रेत आणि ठरावीक दिवसच घ्यावे. गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता, पित्ताचा किंवा रक्ती मूळव्याधीचा त्रास असणारे, आणि झोपेची वा झटक्याची औषधे घेणारे यांनी ते पोटात घेऊ नये.

बाळासाठी एवढे पाळावे

टाळूवर वेखंडाची पूड भरू नये. बारीक पूड श्वासात जाते. आंघोळीनंतर डोके मऊ फडक्याने कोरडे करणे पुरेसे आहे.

नाळ पडेपर्यंत बेंबीवर वेखंड, हळद, राख, तेल काहीही लावू नये. नाळ कोरडी व उघडी ठेवावी.

वेखंड-ओव्याची धुरी बाळाला देऊ नये. थंडी असेल तर कपडे, टोपी आणि आईची कूस.

दात येताना चघळायला वेखंडाचा तुकडा देऊ नये. तो घशात अडकू शकतो.

पोटात वायू धरला तर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढावी, पोटावर हलका हात फिरवावा, पाय सायकलसारखे हलवावेत. हिरवी उलटी, शीतून रक्त, दगडासारखे पोट, ताप किंवा दूध न ओढणे यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

घरात बाळ येणार असेल तर सामानाच्या यादीतला वेखंडाचा तुकडा खुशाल आणावा आणि बाळाच्या दुपट्यांच्या पेटीत ठेवावा. सहाणेवर मात्र त्याला जागा देऊ नये.

पुढील आठवड्यात याच पाणथळ जागी सापडणारा नागरमोथा पाहू.